बेंदराला धुतलेला जार

सुनेनं घरात नायट्रोजनचा जार आणला, तेव्हा पहिलं भांडण झालं ते तो ठेवायचा कुठं यावरनं. माझं म्हणणं, कोठीच्या खोलीत ठेवायचा आणि कुलूप घालायचं. वस्तू डेरीची. उद्या कुणी उचलून नेली तर गावाला तोंड मला दाखवायचं होतं. आमच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, देवघराच्या भिंतीला ठेवावा, कारण आत बैलांचं बी आहे. सून म्हणाली दोन्हीकडं नाही, ओसरीवर.

"ओसरीवर चपला असत्यात," मी म्हणालो.

"चपला हलवू, मामा. पण बंद खोलीत ह्यो जार ठेवायचा न्हाई."

सून माण तालुक्यातली, कोरड्या मुलखातली. बोलणं कमी, पण एकदा बोलली की मागं घेत नाही. मुलगा माझा फौजेत, सुट्टीपुरता घरी. तो नसताना तिनं साताऱ्याला जाऊन गाई भरवायचं, कृत्रिम रेतनाचं, शिक्षण घेतलं आणि कागद घेऊन आली. मला विचारलं नव्हतं. मंडळींना विचारलं होतं, असं मागनं कळलं.

डेरीचा चेअरमन माझ्याच वयाचा. चौथीपर्यंत आम्ही बरोबर होतो. मी तिथनं निघालो तो औतामागं गेलो, तो पुढं शिकला, फौजेत हवालदार झाला, पेन्शन घेऊन आला आणि चेअरमन झाला. त्यानं सुनेला जार दिला तो अटीवर. "दिवाळीपातूर बघू," तो म्हणाला. "स्ट्रॉ वाया गेल्या, न्हाईतर गावातनं तक्रारी आल्या, तर जार पलीकडच्या गावी गाई भरवणाऱ्या पोराला. तुझी सून हाय म्हणून ठेवणार न्हाई."

"ठिवू नगंस," मी म्हणालो. "मी आलतो का मागाया?"

स्ट्रॉ म्हणजे पेनातल्या रिफिलीसारखी बारीक नळी. तिच्यात वळूचं बी गोठवून भरलेलं असतं. तशा नळ्या जारात नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. बुडालेल्या आहेत तोवर वर्षानुवर्षं जगतात, उघड्या पडल्या की मेल्या. सुनेचं सगळं काम त्या बुडण्यावर अवलंबून. बाया गाई भरवत नाहीत, हे गावात तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण तिच्या हातनं एक चूक होण्याची वाट बघणारे बरेच होते. मी त्यांच्यातला नव्हतो. पण माझी खिलार गाय मी तिला देणार नव्हतो, हेही मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. माझ्या आईच्या वेळच्या गाईचा तो वंश. तिला मी चालवत नेऊन खऱ्या वळूकडनं फळवून आणत होतो. सून "बरं" म्हणाली आणि तो विषय परत काढला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

जारात काय घातलंय, हे मी एकदा विचारलं.

"हवाच हाय, मामा. आपण श्वास घेतो त्यात रुपयाला बारा आण्याच्या वर हाच गॅस. तोच थंड करून करून पाण्यासारखा पातळ केलाय. शून्याच्या खाली एकशे शहाण्णव."

"हवाच हाय तर कुलपात ठिवली म्हणून काय बिघडतंय?"

"जगायला लागतो तो उरलेला चार आण्यातला. ह्यो एक तांब्या सांडला तर त्याची सातशे तांबे हवा हुती. खोली कोंडलेली आसंल तर ह्यो आत आणि चार आण्याचा भाईर. वास न्हाई, रंग न्हाई, साधा ठसका लागत न्हाई. माणूस बसल्या जागी पडतं."

वास नाही, रंग नाही, मग आहे कशावरनं, असं मला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तिनं दाखवलं असतं, म्हणून वैरण टाकायला गोठ्यात गेलो. दाखवायची वेळ नायट्रोजनची गाडी आली तेव्हा आलीच. ती गाडी सांगलीकडनं यायची, गावोगावचे जार भरत. ड्रायव्हर एवढ्या पावसात काच खाली करून आलेला, उजवा खांदा चिंब. मी म्हणालो, काच लाव की गड्या. तो म्हणाला, "आबा, मागं टाकी हाय. काच लावली तर झोप लागंल, आन् मग उठायचं न्हाई." हसत म्हणाला, पण काच लावली नाही.

त्यानं जार भरताना चार थेंब फरशीवर पडले. तापलेल्या तव्यावर पाणी पळतं तसे ते थेंब पळाले आणि पळता पळता नाहीसे झाले. फरशी कोरडी. पाइपावर पांढरं बुरशीसारखं धरलेलं. मी हात लावला. थंडीनं कोण भाजतंय, असा माझा हिशेब. हात चिकटला. ओढून काढला तेव्हा तळव्याची थोडी साल पाइपावर राहिली.

सुनेनं संध्याकाळी बघितलं. "हाताला काय झालं?"

"चुलीला लागला."

"चुलीचा डाग आसा पांढरा नसतो, मामा." तिनं कोमट पाणी आणलं, हात त्यात धरायला लावला, चोळू दिला नाही. एवढ्यावर थांबली. तिचे स्वतःचे हातमोजे कातड्याचे आणि ढगळ होते. मी म्हणालो मापाचे मागून घे. ती म्हणाली ढगळच लागतात, आत थेंब गेला तर झटक्यासरशी काढून फेकता आले पाहिजेत.

जाराच्या झाकणाला ना आटे होते ना कडी. नुसतं बूच, मानेत सैल बसवलेलं. डेरीनं गळकं झाकण दिलं, असं माझं मत होतं. सून म्हणाली, गळायलाच पाहिजे. आत ते सारखं उकळतंय, त्याला वाट ठेवावी लागते. एवढं थंड आणि उकळतंय, हे काही मला पटलं नाही. पण सकाळी ऊन तिरपं असलं की बुचाच्या कडेनं वाफेचा एक बारीक पदर निघताना दिसायचा. ती रोज लाकडी पट्टी आत घालून काढायची, पट्टीवर जिथवर पांढरं धरलं तिथवर नायट्रोजन. मग घरातल्यांना परत एकदा बजावायची, झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

मग बेंदूर आला. आमच्याकडं पोळा नाही, आषाढातला बेंदूर. माझी शेवटची जोडी विकून चार-पाच पावसाळे झाले होते. ट्रॅक्टर आल्यावर बैल कुणाच्या गोठ्यात राहिले? सगळे मातीचे बैल आणून पुजतात, आम्हीही पुजत होतो. त्या वर्षी आमच्या मंडळींनी मातीचे आणले नाहीत.

आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात त्या दिवशी, मला म्हणाली, "आवं, खांदमळणी करायची का?"

"कुणाची? ट्रॅक्टरची?"

"त्या जारातल्यांची. एवढी खरी बैलं घरात असताना मातीची कशाला?"

"सुनेला इचार."

"तिला काय इचारायचं? सण माझा हाय."

बेंदराच्या सकाळी सुनेला शिराळ्याच्या बाजूला एका म्हशीसाठी बोलावणं आलं. ती फिरतीचा लहान जार घेऊन स्कूटीवर गेली. मोठा ओसरीवरच. मंडळींनी बंबातलं पाणी काढलं, बादली आणि तांब्या घेऊन आली, आणि बैल धुवावेत तसा जार धुतला. वरनं तांब्यानं पाणी घालत, काथ्यानं घासत. सुनेचं सांगणं तिनं तंतोतंत पाळलं. झाकणाला हात लावू नका असं सून म्हणाली होती, पाणी लावू नका असं म्हणाली नव्हती. धुतल्यावर हळद-लोणी लावलं. जाराला दोन बाजूंना दोन कड्या होत्या, त्यांना शिंगांसारखा हिंगूळ फासला, गोंडे बांधले. ट्रंकेतनं माझ्या जोडीतल्या उजव्या बैलाची झूल काढली आणि वरनं पांघरली. मी समोर बसून बघत होतो. शोभून दिसत होता, हे मी आजही म्हणेन. मंडळींच्या पुरणपोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी तिथंच दाढीला बसलो.

सून आली तेव्हा पावसानं भिजलेली होती. रेनकोट काढता काढता तिनं जार बघितला आणि हसली. झूल उचलली, तरी हसतच होती. मग बुचाशी वाकली. वाकलेली तशीच मागं सरली, डोकं बाजूला घेऊन.

"आत्या, पाणी घातलंसा ह्याच्यावर?"

"मग? बैलं बिनआंघोळीची पुजायची व्हय?"

सुनेनं बूच दोन बोटांनी उचलून बघितलं. बूच हललं नाही. पाणी मानेत उतरून तिथंच गोठलं होतं. जिथनं गॅस बाहेर पडायचा ती वाट बर्फानं बुजली होती, आणि आत ते उकळतच होतं. कुकरची शिट्टी बुजवून खाली जाळ चालू ठेवावा, तसं. तिला हे सगळं सांगायला वेळ नव्हता. तिनं एवढंच सांगितलं, "सगळी भाईर. आत्ता."

मी उठलो नाही. घर माझं, ओसरी माझी, सणाचा दिवस. गालाला अजून साबण होता.

"मामा, उठा."

"मला घरातनं भाईर काढतीस व्हय गं?"

"काढते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मंडळींनी तोंडाला पदर लावला. "ह्यो फुटला तर तुमी ऱ्हाणार न्हाई आन् ह्यो पण न्हाई. काय बोलायचं ते मागनं बोला."

मी उठलो. सावकाश उठलो.

अंगणात पाऊस भुरभुरत होता. तिनं गोठ्याच्या वळचणीला उभं राहून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर नदीपलीकडं, पुलावर पाणी आलेलं, त्यांना येता येत नव्हतं. तिनं फोन मोठा करून धरला. पाणी घालून किती वेळ झाला, डॉक्टरांनी विचारलं. मंडळी म्हणाली, पुरण वाटायच्या आधी.

"मग बर्फ अजून पातळ असणार," डॉक्टर म्हणाले. "ऐक. सळई घालायची नाही, ठोकायचं नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही. हलवायचा तर मुळीच नाही. कोरडी फडकी गरम करून मानेला बाहेरनं गुंडाळ. तोंडावर काचेची ढाल लाव, मोजे घाल, आणि बुचाच्या वर काय वाट्टेल ते झालं तरी डोकं नेऊ नकोस. बाजूनं."

चुलीवर पुरणपोळीचा तवा तापलेलाच होता. मंडळी मागच्या दारानं आत गेली, पोळी खाली उतरवली आणि माझी जुनी धोतरं फाडून तव्यावर टाकायला लागली. गरम झालं की मागच्या दारात आणून द्यायची, सून घेऊन ओसरीवर जायची. मी मध्ये उभा होतो. मला कुणी काही काम सांगितलं नाही.

तेवढ्यात चेअरमन आला. जेवायला बोलावलेलाच होता, कडक इस्त्रीचा सदरा, छत्री.

"काय रं, सणाच्या दिशी सुनेनं भाईर काढलं व्हय तुला? त्ये बी अर्ध्या दाढीवर?"

"तू बी हितंच थांब. आत बैल उधळलाय."

त्यानं ओसरीकडं बघितलं. सून ढाल लावून जाराच्या बाजूला उभी, हात लांब करून फडकं बदलत होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. फौजेत दारूगोळ्याजवळ राहिलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो मला धरून चार पावलं आणखी मागं घेऊन गेला.

फडकी किती बदलली कुणी मोजली नाहीत. एकदा फट् असा आवाज झाला, बूच उडून वरच्या वाशाला लागलं आणि अंगणात येऊन पडलं. मागनं पांढरा लोट निघाला. तो वर गेला नाही, ताक सांडावं तसा ओसरीवरनं पायऱ्या उतरून खाली आला. आवाज ऐकून मंडळी मागनं फिरून अंगणात आली आणि झाकण उचलायला वाकली.

"वाकू नगा, आत्या! लांब व्हा, जाऊ दे त्ये!" सून लोटातनं बाहेर येऊन ओरडली. लोट अंगणभर पसरला, विरला. मग तिनं पट्टी मागितली, आत घातली, काढली. पांढरं धरलं होतं ते कालच्या खुणेच्या थोडं खाली. स्ट्रॉ बुडालेल्या होत्या. पट्टी हातात घेऊन ती पायरीवर बसली. चेअरमन जेवायला थांबला नाही.

पाणी उतरल्यावर डॉक्टर आले. त्यांनी एक स्ट्रॉ कोमट पाण्यात धरून काचेवर घेतली आणि यंत्रातनं बघितली. जिवंत आहे म्हणाले. मलाही बघा म्हणाले. मी नाही बघितलं. जाराला कुठं चीर नव्हती, मानेवर घाम धरत नव्हता, म्हणजे आतली पोकळी शाबूत होती. डॉक्टरांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

गावाच्या दृष्टीनं मिटला नाही. बैलांना जारातच आंघोळ घातली, बी वाहून गेलं, असं पाणवठ्यावर, डेरीत, पारावर सुरू झालं. सुनेचा फोन वाजायचा बंद झाला. लोक पलीकडच्या गावच्या पोराला बोलवायला लागले. ती रोज सकाळी पट्टी घालून बघायची, स्कूटी पुसायची आणि स्वयंपाकाला लागायची. मंडळी तिच्याशी नीट बोलू शकत नव्हती आणि तीही मंडळींना काही म्हणत नव्हती. घरात दोन बायका इतक्या मऊपणानं वागत होत्या की जेवण गोड लागत नव्हतं.

डेरीत दूध घालायला गेलो तेव्हा चेअरमननं मला रांगेतच गाठलं. "जार द्यावा लागंल गड्या. गाईच भरवंना कोण, तर कशाला ठिवायचा?"

"डाक्टर म्हणालं की चांगलाय."

"डाक्टरच्या गाई हायत का ह्या? लोकांच्या गाईचा एक माज वाया जातो." मग तो आवाज न चढवता म्हणाला, "लोकांचं सोड. तुझ्या दावणीची खिलार तू तुझ्या सुनेच्या हाती देत न्हाईस. गावानं का द्यावी?"

मी रिकामी किटली घेऊन घरी आलो. त्याचं बोलणं खरं होतं म्हणून नव्हे, पण ते त्यानं चार माणसांत बोलावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

श्रावणात, शिराळ्याच्या नागपंचमीला सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला, त्या दिवशी सकाळी गाय माजावर आली, हंबरायला लागली. दूध आटलं, शेपूट बाजूला धरायला लागली. मी सुनेला हाक मारली.

"खिलारची हाय का एखादी तुझ्याकडं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "हाय."

"मग संध्याकाळी भरव. आन् डेरीकडनं चेअरमनला बलवून आण. म्हणावं, बघाय ये."

संध्याकाळी चेअरमन आला, त्याच्या मागं दोघंतिघं. मी गाईची वेसण धरली. सुनेनं चिमटा जारात घातला, आतली नळ्यांची डबी मानेच्या वर येऊ न देता स्ट्रॉ उचलली, झटक्यात कोमट पाण्यात टाकली. बाकी काम मी बघितलं नाही, गाईच्या तोंडाकडं बघत राहिलो. गाय हलली नाही. खऱ्या वळूला ती इतकी शांत कधी उभी राहिली नव्हती. पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग वाट बघणं. पुढच्या माजाची वेळ आली तेव्हा मी पहाटेपासून गोठ्यात बसलो. गाय हंबरली नाही, म्हणजे गाभण असावी. चेअरमन म्हणाला, मुका माजही असतो, न हंबरता येणारा. तसा असतोही. सुनेनं मध्ये एकदाही गाईजवळ येऊन अंदाज सांगितला नाही. मी विचारलं तर म्हणाली, हाताला लागल्याशिवाय बोलणार नाही. जार डेरीत परत द्यायची बोली दिवाळीची, आणि दिवाळी आलीच.

वसुबारसेच्या सकाळी तिनं गाय तपासायला घेतली. मंडळी दारात हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी, तिला मी म्हटलं आधी तपासू दे. चेअरमन खाटेवर बसलेला. सुनेनं खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवला आणि हात घातला. बराच वेळ तिनं तोंड वर केलं नाही. चेअरमननं तंबाखू मळली, तोंडात टाकायची राहिली.

"धरलीय," ती म्हणाली.

"नक्की?" चेअरमन.

"चेअरमनसाहेब, तुमी हात घालून बघता का?"

तो हसला. मोठ्यानं हसला. मग तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, "आमच्या म्हशीचं बघाय कवा येतीस?"

"आज सण हाय. उद्या." तिनं हात काढला, मोजा उतरवला. शेपूट धरून शेणानं भरलेल्या दुसऱ्या हातानं केस मागं सारायला गेली आणि थांबली. "आत्या, गरम पाणी देता का वाईच?"

मंडळींच्या हातात ताट होतं. बंबावरची बादली मी काढली, गार पाण्याचं विसावण घातलं, हात घालून बघितलं आणि सुनेपुढं नेऊन ठेवली. चेअरमन बघत होता. बघू दे म्हटलं.